संध्याकाळचा तुमचा, पहाटेचा माझा

आमच्या तारांगणाची इमारत गोल होती, त्यामुळे आतली एकही भिंत सरळ नव्हती. कपाट भिंतीला लावलं की मागे फट राहायचीच. त्या फटीत आमची पेनं गेली, पावत्या गेल्या, एकदा तर माझी छत्री गेली. दर्शनी दालनात दोन खिडक्या होत्या. एकीवर 'तिकीट' लिहिलेलं होतं, तिथे मी बसायचे. दुसरीवर 'चौकशी'. तिथे चौकशीताई.

त्या नोकरीला लागल्या त्याच आठवड्यात कोणीतरी त्यांना चौकशीताई म्हणालं आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. संचालकसाहेबसुद्धा तेच म्हणायचे. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, उंच, किडकिडीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बोलणं मोजकं. हसू आलं तर डोळ्यांत दिसायचं, आवाज नाही. मी त्यांच्या शेजारी अर्धं आयुष्य काढलं, पण त्यांची ही गोष्ट मला बरीच उशिरा कळली, आणि तीही त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितली म्हणून.

चौकशीचं काम म्हणजे खेळांच्या वेळा सांगायच्या, शाळांच्या सहली कुठल्या दिवशी घ्यायच्या ते बघायचं, हरवलेले रुमाल आणि डबे सांभाळायचे. पण तारांगणाचा फोन नंबर डिरेक्टरीत होता, आणि शहरात कोणालाही वर आकाशात काही दिसलं की तो माणूस आम्हाला फोन करायचा. संध्याकाळ झाली की ताईंचा फोन सुरू व्हायचा. पोलिसांचा एकदा आला होता: गाडीच्या मागे एक दिवा लागलाय, आम्ही वळलो की तोही वळतो. एका आजोबांनी शेजाऱ्याची तक्रार आमच्याकडे नोंदवली, कारण त्याने गच्चीवर मुद्दाम प्रखर दिवा लावलाय असं त्यांना वाटत होतं. एक मुलगा आणि मुलगी एकाच रिसीव्हरला कान लावून भांडत होते. पैज लागली होती, आइस्क्रीमची.

या सगळ्यांना ताई एकाच शांतपणे विचारायच्या. कुठल्या दिशेला? हात पुढे लांब करा, मूठ वळा, क्षितिजापासून किती मुठी वर? रंग कसा? आणि लुकलुकतोय की नुसताच स्थिर उजेड आहे?

हे प्रश्न त्यांना आमच्या व्याख्याते सरांनी शिकवले होते. तारे लुकलुकतात, ग्रह सहसा लुकलुकत नाहीत. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला, सगळ्यांत ठसठशीत, पांढराशुभ्र, तो शुक्र. तो कधीच डोक्यावर येत नाही आणि मध्यरात्री कधीच दिसत नाही. सूर्याचा पदर धरूनच फिरतो. त्याच्याहून थोडा कमी तेजस्वी पण डोक्यावरही येऊ शकतो, तो गुरू. तांबूस असला तर मंगळ बघा. फिकट पिवळा, मंद, कोणाच्या नजरेत न भरणारा, तो शनी. कुठला ग्रह सध्या कुठे आहे याचा एक तक्ता सर दर महिन्याला भिंतीवर टाचायचे. ताईंनी प्रश्न विचारायचे, तक्त्याकडे बघायचं आणि सांगायचं: "तो शुक्र आहे. घाबरायचं काही कारण नाही." पोलिसांनाही त्यांनी हेच सांगितलं. आजोबांनाही. पैज मुलगी जिंकली.

ताईंच्या घरी वडील होते. बसचालक म्हणून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजाचे, डोळ्यांत मोतीबिंदू. आई लवकर गेली होती. भाऊ परदेशात होता आणि सणावाराला फोटो पाठवायचा. लग्नाचं एकदोनदा निघालं, मग निघेनासं झालं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

बेकरीवाल्याचा पहिला फोन आला तो मात्र संध्याकाळी नव्हे, सकाळी, आम्ही नुकतं कुलूप काढलं होतं तेव्हा.

"मॅडम, गिरणीच्या चिमणीवर कोणी दिवा बांधलाय का?"

"हे तारांगण आहे," ताई म्हणाल्या. "गिरणीचं आम्हाला नाही माहीत."

"ते कळलं हो. पण गिरणी बंद पडून किती वर्षं झाली, मग दिवा लावणार कोण? मी पहाटे भट्टी पेटवायला उठतो, दार उघडलं की समोर चिमणी, आणि तिच्या डोक्यावर हा दिवा. चार दिवस झाले. वारा आला तरी हलत नाही."

ताईंनी मुठी मोजायला सांगितल्या.

"माझी मूठ मोठी आहे," तो म्हणाला. "जन्मभर पीठ मळतोय."

"मूठ मोठी असली की हातही लांब असतो. हिशेब तोच येतो."

बहुधा हात लांब करून बघत असावा. मग म्हणाला, "हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

तो शुक्र होता. त्या महिन्यांत तो पहाटेचा पूर्वेला दिसत होता. ताईंनी सांगितलं, फोन ठेवला आणि विसरून गेल्या. आठवड्याने पुन्हा फोन.

"मॅडम, तो चिमणीवरून उतरला. आता टाकीच्या बाजूला आहे."

"ग्रह आहे. तो सरकणारच."

"मग आधी सांगायचं ना! मी पोरांना चिमणी दाखवत बसलो."

'पोरांना' म्हणजे बेकरीतल्या कामगारांना, असं ताईंनी धरलं. ही त्यांची पहिली चूक, असं त्या पुढे मला म्हणाल्या.

तो फोन करत राहिला. रोज नाही, पण काही बदललं की हमखास. भट्टीचं काम आटोपलं, सकाळची गाडी पाव घेऊन गेली की तो फोनपाशी यायचा. मागून पत्र्याचे ट्रे एकमेकांवर आपटल्याचा आवाज यायचा. मोठ्याने बोलायचा, जणू पलीकडच्या गच्चीवरच्या माणसाशी बोलतोय. पहिल्यांदा 'अहो मॅडम' म्हणायचा. नंतर नंतर 'मॅडम' गळून पडलं आणि नुसतं 'अहो' उरलं.

"अहो, आज दोन आहेत. एक आपला, आणि दुसरा त्याच्या उजवीकडे, जरा वर."

"लुकलुकतो?"

"नाही. शहाण्यासारखा उभा आहे."

"मग गुरू असेल."

एकदा शुक्र दिवसेंदिवस खाली जात जात एका पहाटे दिसेनासाच झाला, तेव्हा तो फार अस्वस्थ होता. ताईंनी समजावलं की आता तो सूर्याच्या पलीकडे गेलाय, महिना दोन महिने दिसणार नाही, मग संध्याकाळी पश्चिमेला उगवल्यासारखा दिसू लागेल.

"संध्याकाळी मी झोपलेला असतो," तो म्हणाला. "आमची रात्र तुमच्या चहाच्या वेळेला सुरू होते. मग मला तो दिसणारच नाही?"

"पुन्हा पहाटे येईपर्यंत नाही."

"बरं, मग दिसायला लागला की तुम्ही बघा आणि मला सांगा कसा दिसतो ते."

दोनअडीच महिन्यांनी तक्त्यावर शुक्र संध्याकाळच्या रकान्यात आला. त्याचा लगेच फोन.

"अहो, बघितला?"

"नाही."

"म्हणजे काल ढग होते?"

ताई खोटं बोलू शकल्या असत्या. पण का कोण जाणे, त्या म्हणाल्या, "मी तो कधीच बघितला नाही. म्हणजे असा मुद्दाम, ओळखून. संध्याकाळी मी इथे आत असते. इथे बाहेर बघायला खिडकी नाही. घरी जाईपर्यंत तो मावळलेला असतो."

"म्हणजे तुम्ही इतकी वर्षं न बघता सांगताय?"

"तक्त्यावरून."

"अहो, हे म्हणजे न चाखता पाव विकणं झालं!"

तो हसत होता, पण ताईंना ते लागलं. त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "दहा मिनिटं माझ्या खिडकीकडे बघशील? मी बाहेर जाऊन येते." मला वाटलं, डोकं दुखत असेल.

त्या मागच्या दाराने सायकल स्टँडपाशी गेल्या. सूर्य बुडून थोडाच वेळ झाला होता. स्टँडच्या पत्र्यावर अजून तांबूस उजेड होता आणि त्याच्या वर, कोणीही बघावं आणि कोणी बघत नव्हतं असा, तो होता. ताई सांगायच्या, "मला वाटलं होतं, मोठा असेल. तो नुसतं एक टिंब होता गं. पण काय टिंब! मी किती जणांना सांगितलं होतं की घाबरू नका म्हणून. तेव्हा कळलं, ते घाबरत का होते." हात लांब करून त्यांनी मोजलं. दोन मुठी आणि वर थोडं. तक्ता बरोबर होता.

कोणालातरी दाखवावं असं त्यांना फार वाटलं. फाटकावरचा रखवालदार तेवढ्यात येऊन गेला. "ताई, काही हरवलं का?" त्या नाही म्हणाल्या, आणि पुढचं बोलेपर्यंत तो फाटक लावायला निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बेकरीवाल्याला सगळं सांगितलं. पत्रा, तांबूस उजेड, दोन मुठी. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "छान. म्हणजे आता ठरलं. संध्याकाळचा तुमचा, पहाटेचा माझा. ज्याची पाळी असेल त्याने दुसऱ्याला सांगायचं."

मला ती दहा मिनिटं पुढे किती वर्षं द्यावी लागली! शुक्र संध्याकाळचा असला की रोज. मी कुरकुर करायचे, पण द्यायचे.

घरी त्या वडिलांना गच्चीवर न्यायच्या. सुट्टीच्या दिवशी, कठड्याला धरून, एकेक पायरी. वडील डोळे बारीक करून बघायचे.

"मला दोन दिसतायत."

"एकच आहे, बाबा. मोतीबिंदूमुळे तसं होतं."

"असू दे की. एक तू घे, एक मला ठेव. तुझ्या ऑफिसचं काही जातंय का?"

त्यांचं ऑपरेशन होणार होतं, तारीखही मिळाली होती. त्याआधीच एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. भाऊ आला, काही दिवस राहिला, कागदपत्रं बघितली आणि परत गेला. ताई घरी होत्या त्या दिवसांत चौकशीचा फोन मीच घेत होते. एका सकाळी ट्रे आपटल्याचा आवाज आला आणि मला कळलं हा कोण.

"त्या नाहीत? बऱ्या आहेत ना?"

मी सांगितलं.

ताई परत आल्या त्या सकाळी त्याचा फोन आला. ग्रहांचा विषय त्याने काढला नाही. "काही खाल्लंत का सकाळी?" एवढंच विचारलं.

"खाल्लं."

"खोटं."

फोन ठेवल्यावर ताईंनी खिडकीत 'बंद'ची पाटी लावली आणि बराच वेळ कपाटाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी तिकिटं फाडत होते, शाळा आली होती, बाहेर नुसता कलकलाट. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं की नको होतं, मला अजून ठरवता येत नाही.

त्यानंतर त्यांच्या घरात आवाज असा राहिला नाही. त्या रेडिओ चालू ठेवून झोपायच्या. भाजी एका माणसाची करायला त्यांना फार दिवस जमलं नाही. दोन माणसांची व्हायची आणि उरलेली दुसऱ्या दिवशी डब्यात. सकाळी कुलूप काढताना त्या आधी फोनकडे बघायच्या. मी हे बघायचे, आणि मनात म्हणायचे, ठीक आहे, कोणीतरी आहे.

त्यांच्या मनात त्याचं एक चित्र तयार झालं होतं. उंच, रुंद खांद्यांचा, विधुर. हे त्याने सांगितलेलं नव्हतं. त्याने फक्त एकदा म्हटलं होतं, "पहाटे गल्लीत मी एकटाच असतो हो. मी आणि तो." बाकीचं ताईंनी भरलं. तो तारांगण बघायला कधी तरी येईल असंही त्यांना वाटायचं. एकदा माझ्या खिडकीपुढे एक माणूस उभा राहिला, बाह्यांवर पांढरे डाग, केसांतही पांढरं. ताई आपल्या खिडकीतून वाकून म्हणाल्या, "आज कसा होता?"

"कोण?" तो माणूस म्हणाला.

तो रंगारी होता. पलीकडच्या शाळेला चुना देत होता. ताईंचे कान लाल झाले. पण नंतर जेवायला बसलो तेव्हा डबा उघडता उघडता त्या त्यांच्या पद्धतीने हसल्या, आणि मग आम्ही दोघी हसलो.

मग मोबाइल आले. आकाशाकडे धरला की ग्रहाचं नाव पडद्यावर येतं. चौकशीचे फोन कमी झाले, संध्याकाळी दोनतीन, मग आठवड्याला दोनतीन. पोलीसही विचारेनासे झाले. नव्या संचालकांनी हिशेब केला आणि चौकशीच्या फोनवर यंत्र बसवलं. व्याख्याते सरांच्या घनगंभीर आवाजात: खेळांच्या वेळांसाठी एक दाबा, सहलींसाठी दोन दाबा, या महिन्यातील ग्रहांसाठी तीन दाबा. कर्मचाऱ्याशी बोलायचं असेल तर शून्य. शून्य दाबलं की फोन हिशेब विभागात वाजायचा, आणि हिशेब विभागाने आजवर कोणाचा फोन उचलल्याचं मला आठवत नाही. ताईंना माझ्या खिडकीत बसवलं. एक तिकीट फाडायची, एक पैसे घ्यायची.

शुक्र तेव्हा पहाटेचा होता. म्हणजे सांगायची पाळी त्याची होती. ताई दुसऱ्या महिन्यात हिशेब विभागात जाऊन आल्या, कोणी काही निरोप ठेवला होता का विचारायला. तिथल्या बाबूने चष्म्यावरून बघितलं. "निरोप? कशाबद्दल?"

"शुक्राबद्दल."

"शुक्रवारी सुट्टी नाही," तो म्हणाला.

त्यांच्याकडे त्याचा नंबर नव्हता. आमच्या जुन्या फोनवर समोरच्याचा नंबर दिसायचा नाही आणि त्यांनी कधी मागितला नव्हता. बेकरीचं नावही माहीत नव्हतं. काय माहीत होतं? बंद गिरणीची चिमणी त्याच्या पूर्वेला, म्हणजे गल्ली चिमणीच्या पश्चिमेला. चिमणीवर त्याच्या बाजूने लोखंडी शिडी. डावीकडे पाण्याची टाकी. एवढ्यावर त्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी निघाल्या. गिरणीपर्यंत बसने, मग पायी. एकेक गल्लीत शिरायचं, वळून चिमणीकडे बघायचं. एका गल्लीतून शिडी दिसेना. दुसरीतून टाकी उजवीकडे येई. पुढच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांना पावाचा वास आला, आणि वळून बघितलं तर सगळं जागच्या जागी होतं.

बेकरी मोठी निघाली. पुढे काचेचं कपाट, पाव आणि बिस्किटं, गिऱ्हाइकांची गर्दी. गल्ल्यावर एक गोल चेहऱ्याची, लगबगीची बाई. आत दोन तरणे पुरुष ट्रे ओढत होते, एक सून पाकिटं बांधत होती, पिठाच्या पोत्यावर एक मूल झोपलं होतं.

"बोला ताई, काय देऊ?"

"मी तारांगणातली," त्या म्हणाल्या. "चौकशीची."

बाईचे हात थांबले. मग तिने मान वळवून आत जी हाक मारली ती अख्ख्या गल्लीला ऐकू गेली. "अहो! अहो, ऐकताय का? तुमच्या शुक्रवाल्या बाई आल्यायत!"

ताई मला म्हणाल्या, "ते 'अहो' ऐकलं आणि मला एकदम कळलं, मी कुठे आलेय."

तो बाहेर आला. बुटका, वाळका, टक्कल पडलेला. एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून तो फोनवर एवढ्या मोठ्याने बोलायचा. त्याला इतका आनंद झाला की पिठाचे हात कुठे पुसावेत तेही त्याला समजेना.

"मी फोन केला! कोणीतरी पुरुष बोलला. एक दाबा, दोन दाबा. मी सगळं दाबलं हो. तुम्ही कशातच नव्हतात. मला वाटलं, बदली झाली. नाहीतर..." पुढचं त्याने गिळलं.

त्यांना स्टूल दिलं, चहा आला, ताजा पाव आला, लोणी आलं. घरातल्या सगळ्यांना त्या माहीत होत्या. मोठा मुलगा म्हणाला, "आम्ही लहान असताना बाबा आम्हाला झोपेतून उठवून चिमणी दाखवायचे. आम्हाला वाटायचं तुम्ही फार कडक असाल. मूठ नीट वळली नाही तर त्या बाई रागावतील, म्हणायचे." बायको म्हणाली, "फोन ठेवला की आम्हाला सगळं पुन्हा सांगणार. त्या काय म्हणाल्या, मी काय म्हणालो. तुमचे वडील वारले तेव्हा हे दिवसभर जेवले नाहीत."

ताई हसल्या, चहा प्यायल्या, पोत्यावर झोपलेल्या मुलाच्या पायावरून हात फिरवला. घर चांगलं होतं. माणसं चांगली होती. एकाही माणसाने एकही वाकडा शब्द उच्चारला नाही. आणि परतीच्या बसमध्ये, मांडीवर गरम पावाची पिशवी घेऊन बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की वडील गेल्यानंतरही त्यांना जे वाटलं नव्हतं ते आत्ता वाटतंय. "त्याने फसवलं नव्हतं गं," त्या मला म्हणाल्या. "तो कधी म्हणालाच नव्हता की मला कोणी नाही. ते माझं होतं. मी माझं त्याला घालून बघितलं."

निघताना बायकोनेच आग्रह केला होता, एकदा पहाटे या, इथूनच बघा, मुलगा गाडी घेऊन येईल न्यायला. ताईंनी गाडी नको म्हटलं. पंधरवड्याने त्या पहिल्या बसने गेल्या. अंधार होता, पण गल्ली जागी होती. भट्टीचा उजेड फरशीवर सांडला होता. सगळे बाहेर आले, सूनसुद्धा, शाल पांघरून, मुलाला कडेवर घेऊन. तो पुढे होऊन बोट दाखवत होता, जणू स्वतः वर नेऊन ठेवला होता. शुक्र चिमणीच्या बराच वर होता. पांढरा, एकटा, स्थिर.

"बघा," तो म्हणाला. "हा माझा. तुमच्यासारखाच आहे का?"

"तोच आहे," ताई म्हणाल्या. "पण इथे जास्त लखलखीत आहे. तिकडे पत्र्याचा उजेड मध्ये येतो."

तो खूश झाला. सगळे माना वर करून क्षणभर उभे राहिले. मग मूल रडायला लागलं म्हणून सून आत गेली. धाकट्याने हाक मारली, ट्रे काढायला हवेत. बायको म्हणाली, "तुम्ही बघा हं निवांत, मी आलेच," आणि दुकानाची कवाडं उघडायला गेली. तो थोडा रेंगाळला. "करपेल हो," म्हणाला, जरा ओशाळून, आणि तोही गेला.

ताई गल्लीत एकट्या राहिल्या. हातात कागदात गुंडाळलेला पाव, बोटांना चटका बसेल इतका गरम. ग्रह मावळताना त्यांनी पुष्कळदा बघितला होता. उजेडात विरताना कधी बघितला नव्हता. चिमणीच्या मागे आधी करडं झालं, मग पिवळसर. शिडीची एकेक कांब दिसू लागली. तारे आधीच गेले होते, तो टिकून होता. दूधवाल्याची सायकल गेली, कोणीतरी दार उघडून पाणी ओतलं. त्यांनी नजर हलवली नाही, कारण एकदा हलवली असती तर तो पुन्हा सापडला नसता. शेवटी निळ्यात एक टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका, आहे म्हणावं तर आहे, आणि मग आहे म्हणता येईना. पाव तोवर गार झाला होता. त्यांनी काचेच्या कपाटापलीकडे हात हलवून निरोप घेतला आणि त्या बस पकडून सरळ कामावर आल्या.

मी विचारलं, "पुन्हा जाणार?"

"बघू."

त्या गेल्या नाहीत. राग नव्हता. घरचा नंबर त्याला देऊन आल्या होत्या, आणि तो फोन करायचाही, अधूनमधून, आणि मागे ट्रे आणि नातवंडं आणि बायकोचं "माझा नमस्कार सांगा" सगळं एकत्र ऐकू यायचं. ताई छान बोलायच्या. फोन लवकर ठेवायच्या.

निवृत्तीनंतर त्यांनी मोठी जागा सोडली आणि शहराच्या टोकाला एका खोलीत राहायला गेल्या. मी भेटायला गेले तर बघते, एकच खिडकी आणि तीही उत्तरेला. मी म्हटलं, "अहो ताई, या खिडकीतून तुम्हाला एकही ग्रह दिसायचा नाही. दुसरी जागा नव्हती?"

"होती. पण खिडकीतून दिसायला लागला तर मी घराबाहेरच पडणार नाही," त्या म्हणाल्या. "मला मी माहीत आहे."

रोज संध्याकाळी त्या शाळेच्या कुंपणापाशी जाऊन उभ्या राहतात. तिथून पश्चिम मोकळी आहे. लोक येतात जातात, कोणी काही विचारत नाही. मी म्हटलं, एकटं वाटत नाही का?

"वाटतं की," त्या म्हणाल्या. "रोज वाटतं. घरात बसून राहिलं तरी वाटतंच, मग उभं राहून वाटलेलं बरं."

त्यांनी चप्पल घातली, दाराला कुलूप लावलं आणि आम्ही दोघी खाली उतरलो. पश्चिमेला जाड ढग होते, काही दिसण्यासारखं नव्हतं. ताई तरीही कुंपणाला हात टेकवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चल, कोपऱ्यावर चहा बरा मिळतो."